मेंदूतली वीज मोजणारं कडं

एखाद्या पोरीला फीट आली की अजून कितीतरी घरांत तिला चप्पल हुंगवतात, देवऋष्याकडं नेतात. बचत गटाच्या बैठकीतही 'बाहेरचं लागलंय' हे शब्द आम्ही ऐकतो. म्हणून आज आम्ही सांगणार आहोत, मेंदूतली वीज माणसाला मोजता कशी आली त्याची गोष्ट.

मेंदूचं काम अगदी बारीक विजेवर चालतं. 1924 साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्याला तारा जोडून ती पहिल्यांदा नोंदली. पण मधे कवटी येते, त्यामुळं वीज नेमकी कुठून निघाली ते धूसर राहायचं. जिथं वीज वाहते तिथं चुंबकत्वही असतं, आणि ते कवटीतून सहज बाहेर येतं. अडचण एकच. होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा ते कोट्यवधी पटींनी कमी. मग मोजायचं कशानं?

उत्तर थंडीत सापडलं. 1911 साली हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे 269 अंशांपर्यंत गार केला, तेव्हा त्यातून वीज विनाअडथळा वाहू लागली. 1962 मध्ये केंब्रिजचा 22 वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन यानं गणित मांडलं, की अशा दोन धातूंमधे अगदी पातळ पडदा असला तरी वीज तशीच पलीकडं जाईल. त्याच आधारावर 1964 साली अमेरिकेत फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत एक छोटं कडं तयार झालं. त्याचं नाव 'स्क्विड'. जवळचं चुंबकत्व कणभर बदललं, तरी ते कड्याला कळतं.

1969 च्या डिसेंबरअखेर जेम्स झिमरमन आपलं स्क्विड घेऊन एमआयटीत डेव्हिड कोहेन यांच्याकडं गेले. बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खास खोली कोहेन यांनी बांधली होती. झिमरमन स्वतःच कपडे उतरवून यंत्रापुढं आले. पहिली नोंद त्यांच्याच हृदयाची झाली. 1972 मध्ये कोहेन यांनी स्क्विडनं घेतलेली मेंदूची नोंद प्रसिद्ध केली.

आज अशी शेकडो कडी बसवलेल्या टोपात डोकं ठेवलं की, ना सुई ना जखम, फीट मेंदूत कुठून सुरू होते ते शोधता येतं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये असं यंत्र आहे. सगळ्यांना ते लागत नाही, बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं.

फीट म्हणजे मेंदूतल्या विजेची गडबड, बाहेरची बाधा नव्हे. फीट आली तर पोरीला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि नंतर दवाखान्यात न्या. तिची शाळा मात्र बंद करू नका.