दरखास्त (हुकूमनाम्याची वसुली)

दिवाणी दाव्यात पैशाचा हुकूमनामा झाल्यावरही ऋणको रक्कम भरत नसेल, तर ती वसूल करून मागण्यासाठी न्यायालयात द्यावयाचा अर्ज. त्याची पद्धत दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलमे ३६ ते ७४ व आदेश २१ यांत सांगितली आहे. न्यायालय आपण होऊन वसुलीला निघत नाही. दरखास्तदारालाच पुढे यावे लागते आणि ऋणकोची मिळकत कुठे, कोणाच्या नावावर आहे, हेही बहुधा त्यालाच शोधावे लागते. हिंदुस्थानातील पक्षकाराची खरी अडचण हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होते, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते.

ऋणकोने मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा हुकूम आदेश २१ मधील नियम ४१ खाली मागता येतो. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हे हत्यार वकील मंडळींनी अधिक वापरायला हवे. मालमत्ता कळली की बँक खाते, इतरांकडून येणे असलेली रक्कम, पगार, जंगम वस्तू किंवा जमीन यांवर जप्ती आणता येते. जमिनीची जप्ती जागेवर दवंडी पिटून जाहीर करतात, आदेशाची प्रत तेथे व न्यायालयात डकवतात आणि मग लिलाव होतो.

जप्तीला मर्यादा आहेत. सूर्यास्तानंतर बेलीफाला जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, गरजेपुरती गुरे व बियाणे आणि धर्मरूढीनुसार स्त्रीला उतरवता न येणारे दागिने यांना कलम ६० चे संरक्षण आहे. पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागही, पोटगीचा हुकूमनामा नसल्यास, जप्त होत नाही.

पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालाही केवळ दारिद्र्यामुळे तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून तो टाळाटाळ करतो, हे दिसावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात (१९८०) हे ठामपणे सांगितले. महाराष्ट्राने हा धडा फार आधी घेतला होता. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील १८७५ च्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि हुकूमनामे जाळले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याची कैद बंद केली.

गरिबाला दिलेले हे संरक्षण रास्तच आहे. मात्र लांबणीचा फायदा ऐपतदार ऋणको उठवतो : हरकती घेतो, मिळकत नातलगांच्या नावे करतो, अपिलात वर्षे घालवतो. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शाह खटल्यात बजावले. तरीही २०२५ मध्ये देशभर ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित असल्याचे त्याच न्यायालयासमोर आले. त्यांत सर्वाधिक मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतील होत्या.

प्रतिवादी मिळकत विकून टाकण्याच्या बेतात दिसला, तर आदेश ३८, नियम ५ खाली निकालापूर्वीच जप्ती मागता येते. वादीने ती संधी सोडू नये. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त देण्याची मुदत १२ वर्षे आहे.