स्वच्छ सहकारी संस्था

कचरावेचकांच्या मालकीची पुण्यातील सेवा सहकारी संस्था. सभासदांत बहुसंख्य स्त्रिया असून त्यांपैकी अनेक दलित समाजातील आहेत. संस्थेची मुळे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेत आहेत. संघटनेच्या उभारणीत लक्ष्मी नारायण व पौर्णिमा चिकरमाने यांचा पुढाकार होता. हमालांचे नेते बाबा आढाव यांचीही साथ लाभली. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायांना कामगार म्हणून मान्यता मिळवणे ही पहिली लढाई होती. ओळखपत्र हे तिचे हत्यार. पुढे पुणे महानगरपालिकेशी करार होऊन २००८ पासून ‘स्वच्छ’ दारोदार कचरा गोळा करू लागली.

सभासदाची कमाई दुहेरी असते : घरटी मिळणारे सेवाशुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री. रद्दी, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लॅस्टिक हाताने निवडून भंगारवाल्याला विकले जाते. ओला कचरा खतासाठी वेगळा जातो. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, हा संस्थेचा आग्रह. ठिपका दिसताच पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. कचराभूमीवरचा भार हलका करणारा हा व्यवसाय बायांच्या हातांच्या निवडीवर उभा आहे.