कुंडीतलं केकताड

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. शेजारच्या मावशी कुंडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, हे कोरफड मरून राह्यली. रोज पाणी टाकते, तरी पिवळीच पडते. पाहा बरं काय झालं तिले."

कुंडी प्लास्टिकची. तळाला एकच भोक, तेही गाळानं बुजलेलं. आत शेतातून आणलेली काळी, चिकण माती ठासून भरलेली. झाडाची पानं हातभर लांब, निमुळती, दोन्ही कडांना मलईच्या रंगाचा पट्टा, कडेला बारीक काटे आणि टोकाला काळपट सुई. खालची पाच-सहा पानं पिवळी होऊन कुंडीबाहेर लोंबत होती. त्यातलं एक हलकेच ओढलं, तर ते बुडातून सुटून हातात आलं. बूड मऊ पडलं होतं आणि त्याला वास येत होता. पाण्यात कुजत घातलेल्या वाखाचा तो वास. चाळीस वर्षं माझ्या नाकाला तो शिवला नव्हता, पण ओळखायला क्षणभरही लागला नाही.

"मावशी, ही कोरफड नव्हे. हे केकताड आहे."

त्यांना पटेना. केकताड म्हणजे बांधावरचं, गुराढोरांना अडवायला लावतात ते. पैसे देऊन ते कोण विकत घेईल? मी त्यांना ते पान फाडून दाखवलं. कोरफडीचं पान मोडलं की बोटांना गर लागतो. हे पान मोडता मोडत नाही, आणि ओढून फाडलंच तर दोन तुकड्यांमध्ये पांढऱ्या धाग्यांचा पूल राहतो. आणखी एक खूण आहे, ती मला लहानपणी माझ्या आजोबांनी, आबाजींनी दाखवली होती. पानाच्या पाठीवर हात फिरवला की काट्यांची पुसट नक्षी दिसते. सगळी पानं मधल्या पोग्यात एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात, तेव्हा शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा त्यावर उमटतो आणि पान उघडलं तरी जात नाही.

रोपवाटिकेत हे पांढऱ्या काठाचं झाड 'अगेव्ह' म्हणून मिळतं. शास्त्रात त्याला अगेव्ह अँगुस्टिफोलिया म्हणतात. आमच्या बांधांवरचं करड्या-हिरव्या पानांचं केकताड त्याच कुळातलं. सख्खं म्हणता येणार नाही, पण चुलत नक्की. पुस्तकात घायपात, आमच्या तोंडी केकताड, कुठे केतकी. आणि केतकी म्हटलं की पुन्हा केवड्याशी गल्लत. मला विचाराल तर, नावं अशी विस्कटली ती झाडाशी रोजचं काम संपल्यावर. ज्याच्या हातात रोज हे पान होतं, त्याची गल्लत कधीच होत नव्हती.

ते हात आमच्या घरात होते. रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या अंगाला आमचं गाव. आबाजी दोर वळायचे, त्यांचे वडीलही दोरच वळायचे. आम्ही मातंग. गावगाड्यात दोराचं काम आमच्याकडे होतं. बैलाला बांधायचं दावं, हाकायचा कासरा, तोंडाची मोरकी, मुस्कं, मोटेचा नाडा, विहिरीचं चऱ्हाट, दह्यादुधाचं शिंकं. वर्षभर हे सगळं पुरवायचं आणि मोबदल्यात सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारी आणायची. पोळ्याआधीचे पंधरा दिवस घरात झोप नसे. गावातल्या प्रत्येक बैलाला त्या दिवशी नवा साज लागे, आणि तो आमच्या अंगणातून जाई.

बैलाच्या अंगाला लागणारा मऊ दोर अंबाडीचा किंवा तागाचा, वेसण सुताची. जिथे ओढ आणि वजन, तिथे केकताड. आबाजी खालची पिकलेली पानंच कापत. मधल्या पोग्याला कधी विळा लागू दिला नाही. पानं नदीच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायची. दहाबारा दिवसांनी काढून दगडावर झोडपायची, धुवायची, की गर वाहून जातो आणि हाती पांढरा वाख राहतो. पानाच्या रसानं हातांना अशी खाज सुटे, की रात्री आजी खोबरेल लावून बसायची. मग वाख विंचरायचा, मांडीवर पेड वळायचे आणि तीन पेडांना पीळ भरायचा. पीळ भरताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो. ते टोक माझ्याकडे असे.

तयार दोर घेऊन आबाजी ज्या वाड्यांवर जात, तिथे तो ओट्याखाली ठेवावा लागे. घेणारा त्यावर पाणी शिंपडून उचले. बैलाच्या गळ्यात, मोटेवर, देवघराच्या शिंक्यावर तोच दोर चालायचा. वळणारा हात मात्र ओट्याला लागलेला चालत नव्हता. आबाजींनी हे मला एकदाच सांगितलं. त्यांचा आवाज तेव्हा जरासुद्धा चढला नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं.

हे झाड मुळात आपल्याकडचं नाहीच, हे मला फार उशिरा कळलं. अगेव्ह मेक्सिकोचं. युरोपची गलबतं अमेरिकेला जाऊ लागल्यावर ते तिथून जगभर पसरलं. म्हणजे वाशिम जेव्हा वत्सगुल्म होतं, वाकाटकांची राजधानी होतं, तेव्हा इथल्या मोळ्या आणि बैल बांधायला ताग असेल, अंबाडी असेल, पळसाच्या मुळांचा वाख असेल; केकताड नव्हतं. पण दख्खनच्या मुरमाड जमिनीत ते असं रुजलं, की व्यापारात त्याच्या एका जातीला 'बॉम्बे अ‍ॅलो' असं मुंबईचं नाव मिळालं. बांधांवर आणि रेल्वेच्या रुळांकडेनं कुंपण म्हणून ते लागलं. आमच्या लोकांनी परक्या झाडाचा वाख ओळखला, त्याची कुजवण शिकून घेतली, कोणत्या कामाला किती पेड हे ठरवलं. या शोधाची नोंद कोणाच्या नावावर नाही.

याच कुळातल्या सिसलची एक गोष्ट मला फार भावते. 1893 साली रिचर्ड हिंडॉर्फ नावाच्या जर्मन शेतीतज्ज्ञानं फ्लोरिडाहून सिसलची 1000 पिल्लं मागवली, पूर्व आफ्रिकेत लावण्यासाठी. हॅम्बुर्गमार्गे जहाजानं ती पोहोचली तेव्हा जिवंत होती फक्त 62. त्या 62 रोपांपासून टांगानिकाचे मळे उभे राहिले आणि पुढे तो देश सिसलमध्ये जगात पहिला झाला. त्या मळ्यांवर परक्या सत्तेसाठी कोणाचे हात सोलले, तेही विसरता येत नाही. मग कृत्रिम धागा आला आणि ते मळे बसले. त्याच धाग्यानं आमचं अंगण बसवलं. आधी मोटा गेल्या, इंजिन आणि विजेचे पंप आले, म्हणजे नाडा गेला. मग रिसोडच्या बाजारात निळा-हिरवा नायलॉनचा दोर आला. पावसात कुजत नाही, रोख पैशात मिळतो. पुढे ट्रॅक्टर आले, बैलच कमी झाले. बांध अरुंद झाले, केकताड उपटून पेटवलं गेलं. आबाजींनी आम्हाला शाळेत घातलं होतं, आणि ओट्याखालून सुटका झाली याचं मला दुःख नाही. वाखाची जाण त्याबरोबर गेली, याचं आहे.

तर कुंडी. झाड बाहेर काढलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुळं काळी, चिखलासारखी झाली होती. ती विळीनं कापली, मऊ पानं काढली, बुडाचा पांढरा, टणक भाग दिसेपर्यंत तासलं. मावशींचा जीव वर-खाली होत होता. आठवडाभर ते झाड मी व्हरांड्यात, सावलीत, कोरडंच टांगून ठेवलं, जखम सुकेपर्यंत. मग मातीची कुंडी घेतली, तळाला खापऱ्या घातल्या, वर मुरूम, जाड वाळू, विटांचा चुरा आणि मूठभर जुनं शेणखत. लावल्यावरही आठ-दहा दिवस पाणी नाही. मावशींना हेच जड गेलं. त्यांना समजावलं, की हे झाड दिवसा श्वास मिटून घेतं. त्याची रंध्रं रात्रीच्या गारव्यात उघडतात, म्हणून ते दिवसाच्या उन्हात पाणी उडवत नाही. बांधावर त्याला कोणी तांब्या घेऊन जात नव्हतं. पावसाळ्यात तर कुंडी पत्र्याखालीच बरी. बाकी दिवसांत माती तळापर्यंत वाळल्यावरच पाणी, आणि ऊन भरपूर.

दिवाळीपर्यंत मधला पोगा ताठ झाला. माघात कुंडीच्या कडेला दोन पिल्लं निघाली. अंगठ्याएवढी होती, पण काठाला पांढरा पट्टा आणि टोकाला सुई घेऊनच आली. एक मी गावच्या बांधावर नेऊन लावलं. मावशी आता ह्या झाडाला केकताड म्हणतात, आणि पाहुण्यांना पान फाडून दाखवू नका म्हणून मलाच बजावतात.

काढलेल्या पिवळ्या पानांपैकी धड होती ती त्या वेळी मी बादलीत दगडाखाली बुडवून ठेवली होती. घरच्यांनी वासाबद्दल बोलणी केली. बाराव्या दिवशी गच्चीवर फरशीच्या तुकड्यावर ती झोडपली. हात खाजले. जेमतेम मूठभर वाख निघाला, तोही आखूड. मांडीवर तीन पेड वळले. हाताला आठवत होतं, फक्त गती गेली होती. मग मुलाला हाक मारली. तो फोन बाजूला ठेवून आला. त्याच्या हातात टोक दिलं आणि म्हटलं, घट्ट धर, मी पीळ भरतो.