न बसणारं काडतूस

काडतूस हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आला. पाव, बटाटा, चावी जशी आली तसंच काडतूस. त्याआधी आपल्याकडं बंदुका नव्हत्या असं नाही, पण काडतूस नव्हतं. तोड्याची नाहीतर ठासणीची बंदूक असायची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, डट्टा घालायचा, वरून गोळी किंवा छर्रे, आणि गजानं ठासायचं. गोळी जरा बारीक असली तर चिंधी गुंडाळायची. बसत नाही, अडकलं, ही तक्रार फारशी नसायची, कारण नेमक्या मापाचं काही नसायचंच.

आमच्या खानदेशात अशा बंदुकांचा काळ बराच चालला. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्याशी लढून सरकार दमलं, त्यांनाच पगारी शिपाई करायचं, असा त्यामागं हिशेब होता. पण सगळा सातपुडा काही पगारावर आला नाही. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी १८५७ साली उठाव केला आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. डोंगरात लढणाऱ्यांकडं तिरकमठे आणि जुन्या बंदुका होत्या. समोर कवायती फौज होती.

त्याच धामधुमीत काडतूस सगळ्या हिंदुस्थानात गाजलं. एनफिल्ड बंदुकीच्या कागदी काडतुसाला चरबी लावलेली आहे, ते दातानं तोडावं लागतं, त्यानं धर्म बुडतो, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचली. दुसरी गोष्ट मात्र शाळेत कोणी सांगत नाही. ते काडतूस बंदुकीत नीट जातही नव्हतं. नळीचं माप ०.५७७ इंच आणि गोळीचं ०.५६८. म्हणजे मधे पोस्टकार्डाएवढीही जागा नाही. वरून कागदाचं वेष्टण. चार-सहा बार झाले की नळीत दारूची काजळी धरायची, आपल्याकडच्या उन्हात चरबी वितळून जायची, आणि शिपाई गज दाबून दाबून घामाघूम व्हायचा. शेवटी गोळी बारीक करून ०.५५ इंचाची करावी लागली. इंग्लंडच्या हवेत बरोबर असलेलं माप इथल्या हवेत बरोबर नव्हतं.

पुढं धातूचं काडतूस आलं. मार्टिनी-हेन्री बंदुकीचं काडतूस पहिल्यांदा पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं होतं. १८८५ साली सुदानात अबू क्ली इथल्या लढाईत तापलेल्या बंदुकांत ती काडतुसं अडकली, निघेनात, आणि शिपाई ऐन वेळी उघडे पडले. त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळेची पुंगळी सगळीकडं रूढ झाली. पितळच का? बार झाला की पितळ फुगतं, घराच्या भिंतीला चिकटतं आणि मागं धूर येऊ देत नाही. आणि लगेच थोडं आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर निघते. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त, हे त्या पितळेचं प्रमाण.

माझा या सगळ्याशी संबंध मामांमुळं आला. मामांचं गाव साक्रीकडं. त्यांच्याकडं परवान्याची एकनळी बारा बोअरची बंदूक होती. बारा बोअर म्हणजे काय हे मला त्यांनीच सांगितलं: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर जाते, ती बारा बोअर. भुईमूग भरायला लागला की रानडुकरं यायची. मामा माळ्यावर जागलीला बसायचे आणि हवेत बार काढून कळप हाकलायचे. एका रात्रीत डुकरं अर्धा एकर नांगरल्यासारखं उकरून टाकतात. त्या अर्ध्या एकरावर घरातलं वर्षाचं तेल आणि पोरांचे कपडे अवलंबून असतात. बार निघाला नाही तर नुसती हौस बुडत नाही, पीक बुडतं.

तेव्हा काडतुसं कागदी असायची. पावसाळ्यात कागद ओल धरायचा आणि फुगायचा. उन्हाळ्यात सरकन् जाणारं काडतूस श्रावणात निम्म्यावर अडायचं. काही जुन्या लोकांकडं पितळी पुंगळ्या होत्या, त्या परत परत भरायची रीत होती, आणि त्यांचे नखरे वेगळेच. मामा मला घेऊन धुळ्याच्या एका मिस्तरीकडं गेले. मी चौदा वर्षांचा असेन. मिस्तरी अहिराणीतच बोलले, "आडेल बैलले नि आडेल काडतूसले मारानं नही, आबा. पहिले देखा, कथा आडनं."

त्यांची तपासायची रीत मला अजून आठवते. बंदूक रिकामी आहे हे आधी पाहायचं. मग दोष बंदुकीचा की काडतुसाचा हे ठरवायचं. कारखान्याचं कोरं काडतूसही जात नसेल, तर घरातच गंज किंवा जळका कचरा आहे, नळी साफ करा. कोरं जातंय आणि भरलेलं जात नाही, तर दोष काडतुसाचा. निम्म्यावर अडलं तर अंग फुगलंय. तोंडाशी अडलं तर वरचा डट्टा जाड झालाय किंवा कडा दुमडताना बाहेर आलीय. सगळं आत गेलं पण बंदूक मिटत नाही, तर टोपी वर राहिलीय, आणि हे सगळ्यात वाईट. रिकाम्या पुंगळीला दिव्याची काजळी लावून ती घरात घालून काढायची. काजळी जिथं पुसली गेली, तिथं ती घासते. एकाच्या बंदुकीत उडालेली पुंगळी त्याच बंदुकीच्या घराएवढी फुगलेली असते, म्हणून ती दुसऱ्याच्या बंदुकीत जाईलच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

टोपीचं का वाईट, ते पुढं कळलं. शेजारच्या गावातल्या एका बागाईतदारानं न मिटणारी बंदूक गुडघ्यावर आपटून मिटवली. टोपी दबली आणि पुरती मिटायच्या आत बार झाला. माणूस वाचला, उजवा डोळा गेला. त्याची केळीची बाग पुढं भावानं पाहिली.

आणि आत गेलं म्हणजे बरोबर असंही नाही. जुन्या बंदुकांचं घर अडीच इंचांचं असतं. त्यात पावणेतीन इंची काडतूस मुकाट्यानं जातं, कारण दुमडलेलं असताना ते आखूडच असतं. बार होताना तोंड उलगडतं, त्याला जागा मिळत नाही, आणि नळीतला दाब वाढतो. अडणारं काडतूस निदान सांगतं तरी. हे सांगत नाही.

आता आमच्या गावापासून वरणगाव जवळ. चीनच्या लढाईनंतर, १९६४ साली तिथं काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला. लष्कराच्या रायफलींची ७.६२ मिलिमीटरची काडतुसं तिथं होतात. आमच्या पंचक्रोशीतली कितीतरी पोरं तिथं लागली, त्यांच्या पगारावर विहिरी खोदल्या गेल्या. काडतुसाच्या कामात मापाचा नियम साधा असतो: एका मापात ते गेलंच पाहिजे आणि दुसऱ्यात जाताच कामा नये. दोन्ही झालं तरच पास. सीमेवरचा जवान ज्या भरवशावर खटका ओढतो, तो भरवसा या दोन मापांच्या मधे असतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानं पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळायची सोय ठेवली. पण काडतूस तयार करायलाही परवानाच लागतो, आणि ते योग्यच आहे. रानडुकरं मात्र कायदा वाचत नाहीत. हल्ली काही जण वैतागून पिठात स्फोटक घालून शिवारात ठेवतात, आणि त्यानं शेजाऱ्याच्याच गाईचा जबडा फुटतो. मामांच्या बंदुकीचा परवाना त्यांच्या मागं कोणी पुढं चालवला नाही, ती सरकारजमा झाली. पितळी पुंगळ्या सहा होत्या. मामींनी त्या मोडीत दिल्या आणि त्या पैशात देवघरातली समई आणली.