'विकत घ्या' या बटणाचा इतिहास

टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राला आता सगळेच कन्सोल म्हणतात. या कन्सोलवर नवा खेळ हवा असेल तर आज दुकानात जावेच लागते असे नाही. पडद्यावर खेळाचे चित्र दिसते, खाली किंमत असते आणि किमतीशेजारी एक बटण असते, 'विकत घ्या'. बटण दाबले की पैसे जातात आणि खेळ इंटरनेटवरून घरात उतरतो. सोय उत्तमच आहे. पण विकत घेतलेली वस्तू मित्राला देता येते, कंटाळा आल्यावर अर्ध्या किमतीत काढून टाकता येते, मुलांसाठी कपाटात ठेवून देता येते. या खेळाचे यातले काहीच करता येत नाही. मग आपण पैसे मोजले ते नेमके कशाचे? हा प्रश्न इंटरनेटच्या युगातला वाटतो खरा, पण त्याची मुळे पन्नास वर्षे मागे जातात.

व्हिडिओ गेमचा धंदा विक्रीने नव्हे, नाण्याने सुरू झाला. १९७२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये अटारी कंपनीने 'पाँग' नावाचे यंत्र ठेवले. पंचवीस सेंटचे नाणे टाकायचे आणि पडद्यावर चेंडू टोलवायचा. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. ते बनवणारा ॲल ॲल्कॉर्न दुरुस्तीला गेला, तर यंत्र बिघडलेले नव्हतेच; नाण्यांचा डबा तुडुंब भरला होता! १९७८ साली जपानमध्ये टोमोहिरो निशिकाडोचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. त्याच्यामुळे देशात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला अशी आख्यायिका पसरली. ती आख्यायिकाच, पण अशी कथा लोकांना खरी वाटावी, यातच त्या खेळाचे वेड दिसते.

नाण्यावर चालणाऱ्या खेळाचा एक धर्म असतो. खेळणारा लवकर हरला पाहिजे, म्हणजे दुसरे नाणे पडेल. पण इतक्याही लवकर नाही, की तो चिडून निघून जाईल. त्यामुळे जुन्या आर्केडमधले खेळ झपाट्याने कठीण होत जात. हरल्यावर पडद्यावर दहा, नऊ, आठ असे आकडे उलटे मोजले जात आणि तेवढ्यात नाणे टाकले तरच डाव पुढे चाले. पैसे कसे घ्यायचे यावरून खेळ कसा रचायचा हे ठरत होते. या इतिहासाची किल्ली इथेच आहे.

घरातल्या यंत्राने हे गणित मोडले. १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीने आणि १९७७ मध्ये अटारीने बदलता येणाऱ्या कॅसेटची यंत्रे काढली. एकदा पैसे द्या आणि मग कितीही खेळा. 'स्पेस इन्व्हेडर्स' १९८० साली अटारीच्या कॅसेटवर आला, तेव्हा एकेका नाण्याने खेळणाऱ्या मुलांना तो स्वर्गच वाटला असणार. आता लवकर हरवणारा खेळ नको होता, पुरून उरणारा खेळ हवा होता. १९८६ साली आलेला निन्टेन्डोचा 'द लेजन्ड ऑफ झेल्डा' हा त्याचा नमुना. दिवसच्या दिवस चालणारा हा खेळ, जिथे सोडला तिथून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येई.

कॅसेटचा दुसरा गुण म्हणजे ती हातात येणारी वस्तू होती. तिची अदलाबदल होई. आपल्याकडच्या शहरांतही नव्वदच्या दशकात जुनी कॅसेट आणि वर थोडे पैसे घेऊन दुसरी कॅसेट देणारी दुकाने होती. त्याच काळात तासाच्या दराने खेळू देणारे पार्लरही होते. म्हणजे विक्री आणि भाडे एकाच बाजारपेठेत नांदत होते, पण कोणते काय आहे याबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात गोंधळ नव्हता.

कंपन्यांना मात्र ही वस्तू खुपत होती. एकच कॅसेट दहा घरे फिरली तर कंपनीला पैसे एकदाच मिळतात. जपानमध्ये १९८४ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि हक्कधारकाच्या परवानगीशिवाय खेळ भाड्याने देता येईना. अमेरिकेत १९८९ मध्ये निन्टेन्डोने कॅसेट भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टरला कोर्टात खेचले, पण खटला कॅसेटचा नव्हता, तिच्यासोबतच्या माहितीपुस्तिकांच्या झेरॉक्स काढल्याचा होता. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने संगणकाचे सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंदी घातली, पण कन्सोलच्या कॅसेट त्यातून वगळल्या. वस्तू ज्याने विकत घेतली ती त्याची, हे तत्त्व अमेरिकेत तरी टिकले.

कायद्याने जमत नव्हते ते तारेने जमेल का, हा प्रयत्न याआधीच सुरू झाला होता. १९८० च्या सुमारास मॅटेल कंपनीच्या इंटेलिव्हिजन यंत्रासाठी 'प्लेकेबल' सेवा निघाली. केबल टीव्हीच्या तारेतून खेळ यायचा, दरमहा वर्गणी द्यायची. १९८३ साली विल्यम फॉन माइस्टर याने 'गेमलाइन' आणली. अटारीत बसणारी एक जाडजूड कॅसेट, तिच्यात मोडेम. टेलिफोन जोडायचा, साधारण एक डॉलर खात्यावर पडायचा आणि खेळ उतरायचा. मात्र ठराविक डाव खेळून झाले की तो संपला, पुन्हा हवा तर पुन्हा पैसे. बारमधले नाणे आता टेलिफोनच्या तारेतून जाऊ लागले होते! पण अटारी, ॲक्टिव्हिजन यांसारख्या बड्या कंपन्यांनी आपले खेळ दिले नाहीत आणि त्याच वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. गंमत अशी की गेमलाइनच्या पडझडीतून उभी राहिलेली कंपनीच पुढे 'अमेरिका ऑनलाइन' म्हणून जगाला माहीत झाली.

जपानमध्ये निन्टेन्डोने १९८६ साली निराळी वाट काढली. दुकानात एक यंत्र ठेवले. आपली डिस्क घेऊन जायची, पाचशे येन द्यायचे आणि जुना खेळ पुसून नवा लिहून घ्यायचा. नव्या कॅसेटच्या मानाने हा खर्च फारच कमी. डिस्क गिऱ्हाइकाची, त्यावरचा खेळही जोवर पुसत नाही तोवर त्याचाच. भरून देण्याची ही सेवा २००३ पर्यंत चालू होती. माझ्या मते दोन्ही बाजूंना न्याय देणारी तडजोड या इतिहासात कुठे असेल तर ती इथे.

१९९४ मध्ये सेगाने केबलवरून 'सेगा चॅनल' सुरू केला. महिन्याला साधारण पंधरा डॉलर आणि त्यात सुमारे पन्नास खेळ. यंत्र बंद केले की खेळ नाहीसा. त्याच सुमारास हॉटेलच्या खोल्यांतही निन्टेन्डोचे खेळ तासाच्या दराने, बिलात पैसे लावून मिळू लागले. 'सेगा चॅनल' १९९८ मध्ये बंद पडला. या सगळ्या सेवांपुढे अडचण एकसारखीच होती. तार मंद आणि यंत्राची स्मरणशक्ती तोकडी. खेळ मोठे होत गेले आणि त्या इवल्याशा जागेत मावेनासे झाले. गिऱ्हाइकाची मालकी वाचली ती कोणाच्या उदारपणामुळे नव्हे, तंत्राच्या दुबळेपणामुळे.

दोन हजारनंतर हा दुबळेपणा गेला. २००५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला, २००६ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ आणि निन्टेन्डोचा वी. तिघांचीही दुकाने आता यंत्राच्या आतच होती. मायक्रोसॉफ्टने आणि निन्टेन्डोने किमती पैशांत न लावता 'पॉइंट'मध्ये लावल्या. मायक्रोसॉफ्टचे ऐंशी पॉइंट म्हणजे एक डॉलर. पॉइंट ठराविक गठ्ठ्यांतच मिळत, त्यामुळे खात्यात नेहमी थोडे उरत आणि ते संपवायला आणखी घ्यावे लागत. जत्रेतल्या कुपनांचीच ही युक्ती! २००६ च्या एप्रिलमध्ये 'ऑब्लिव्हिअन' या खेळातल्या घोड्याला घालायचे चिलखत दोनशे पॉइंटला, म्हणजे अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा जगभर टिंगल झाली. टिंगल विरली, पद्धत मात्र रुजली. ६० डॉलरचा खेळ घेतल्यावरही आत नाणे टाकायची फट उरली.

या बदलाची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. खोका, छपाई, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे सारे वाचल्यामुळे 'जॉमेट्री वॉर्स'सारखा छोटा खेळ पाच डॉलरला मिळू शकला. चार-दोन माणसांनी घरी बसून केलेले खेळ जगभर पोचले. कॅसेटच्या काळात त्यांना कोणी दारात उभे केले नसते.

पण दुकान यंत्राच्या आत असले की दुकानाची किल्लीही कंपनीच्याच कमरेला राहते. वीचे दुकान २०१९ च्या जानेवारीत बंद झाले. वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांवरची विक्री २०२३ च्या मार्चमध्ये थांबली, एक्सबॉक्स ३६० चे दुकान २०२४ च्या जुलैत. 'स्कॉट पिल्ग्रिम' हा २०१० चा खेळ फक्त डाउनलोडनेच मिळत असे. हक्कांचे करार संपल्यावर तो २०१४ च्या शेवटी दुकानांतून गेला आणि २०२१ पर्यंत कोणालाही रीतसर विकत घेता आला नाही. दुसरीकडे २०१७ पासून 'गेम पास'सारखी मासिक वर्गणी आली, म्हणजे सेगा चॅनलच पुन्हा, भक्कम तारेवर. त्याच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा अमेरिकेतला दर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वीस डॉलरवरून एकदम तीसवर गेला. मासिक वर्गणीची मला तक्रार नाही. ते उघड भाडे आहे आणि भाडे वाढले तर माणूस सोडून जाऊ शकतो. तक्रार आहे ती भाड्याला विक्री म्हणण्याची.

आपल्या गोव्यात हा फरक कोणाला समजावून सांगायला नको. मुंडकाराने घर बांधले, पिढ्यान्‌पिढ्या त्यात दिवा लावला, पण पायाखालची जमीन भाटकाराची. भाटकाराच्या मनात आले की घराबाहेर, अशी ती स्थिती होती. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला त्यापासून संरक्षण दिले. खेळ म्हणजे काही राहते घर नव्हे, हे मान्य. पण पैसे देऊनही पायाखालची जमीन दुसऱ्याची, ही गोष्ट तीच. या नव्या मुंडकारांना आजवर काय मिळाले? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला. विकला जातो तो फक्त वापरण्याचा परवाना, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूंना 'विकत घ्या' असे म्हणता येणार नाही. संरक्षण नाही, नुसती सूचना. तरी शब्द खरा वापरा असे कायद्याने सांगितले, हेही थोडके नव्हे.

१९९५ साली जपानमध्ये निन्टेन्डोने उपग्रहावरून खेळ प्रक्षेपित करण्याची 'सॅटेलाव्ह्यू' सेवा सुरू केली होती. काही खेळ ठराविक वेळीच चालत, सोबत नटांचे आवाज रेडिओसारखे थेट येत आणि कार्यक्रम संपला की ते विरून जात. 'झेल्डा'चाही एक अवतार असाच येऊन गेला. सेवा २००० मध्ये बंद पडली. ते आवाज आज ऐकायला मिळतात, कारण काही प्रेक्षकांनी त्या वेळी आपल्या घरच्या व्हिडिओ कॅसेटवर ते टेप करून ठेवले होते.