दाराच्या आतली बाजू

जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की लोक इंजिनाबद्दल बोलतात. फार तर लांबलचक बॉनेटबद्दल, तारांच्या चाकांबद्दल, मूळ रंग मिळाला की नाही याबद्दल. दार आतून उघडायच्या हँडलबद्दल कोणी आपणहून बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही. वास्तविक गाडीत बसणाऱ्याचा हात ज्या चार-पाच वस्तूंना दर वेळी लागतो त्यातली ही एक. पण ते असतं म्हणून असतं, बस्स.

मध्यंतरी जुन्या ब्रिटिश गाड्यांबद्दल बरंच वाचलं आणि थोडी लुडबुड हातानेही केली (त्याबद्दल पुढे). तेव्हा लक्षात आलं की या वीतभरसुद्धा नसलेल्या वस्तूला चांगला घसघशीत इतिहास आहे, आणि तो फक्त धातूचा आणि मुलाम्याचा नाही.

सुरुवात हँडल नसण्यापासून करावी लागते. १९५५ साली एमजीने 'एमजीए' ही दोन सीटांची उघडी गाडी आणली. तिच्या दाराला बाहेरून हँडलच नव्हतं. आतल्या बाजूला ओढायची एक दोरी होती, तेवढीच. बाहेरच्या माणसाने दारावरून हात आत घालायचा, दोरी चाचपायची आणि ओढायची. पावसाळी कर्टन लावलेले असले तर त्यांच्या झडपेतून हात घालायचा. दोन वर्षं आधी आलेल्या ट्रायम्फच्या टीआर२ चा प्रकारही असाच. आणि १९५९ ची मिनी स्पोर्ट्स कार नसली तरी तिलाही आतून दोरीच होती.

हा निव्वळ कंजूषपणा होता का? थोडासा होताच. पण खरं कारण दाराच्या पोटात आहे. या गाड्यांना वरखाली होणाऱ्या काचा नव्हत्या. मिनीच्या काचा आडव्या सरकायच्या, एमजीएला तर काढ-घालीचे कर्टन. दारात काच उतरवायची नसल्यामुळे दार पोकळ ठेवता येत होतं. इसिगोनिसने मिनीत त्या पोकळीचे सामान ठेवायचे कप्पे केले. दाराची कडी हाताच्या टप्प्यात उघडीच होती, तिला एक दोरी बांधली की काम भागलं.

मग काच दारात शिरली. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला आणि १९६२ च्या एमजीबीला फिरवून वरखाली करायच्या काचा होत्या. काचेसोबत तिला उचलणारी यंत्रणा आली, कडी दाराच्या मागच्या कडेला राहिली आणि या सगळ्यावर हार्डबोर्डला रेक्झिन चिकटवलेलं पॅनेल बसलं. आता आतला माणूस आणि कडी यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. त्या भिंतीतून बाहेर डोकावणारं कडीचं टोक म्हणजे हे हँडल. ते दाबलं की आतला दांडा ओढला जातो आणि दाराच्या त्या टोकाला कडी सुटते. म्हणजे काच आली म्हणून हँडल आलं. इतकी साधी गोष्ट, पण मी दार सोलून बघेपर्यंत मला सुचली नव्हती.

दार सोललं ते एका मित्राच्या गॅरेजमध्ये. त्याच्याकडे साठच्या दशकातली एक ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे आणि माझं काम बॅटरी धरून उभं राहण्याचं होतं. काम वरवर किरकोळ. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत ही हँडलं स्क्रूने नाही, एका बारीक पिनेने बसतात. पॅनेलमधून चौकोनी दांडा बाहेर येतो. त्यावर आधी स्प्रिंग, मग क्रोमची वाटी, मग हँडल. वाटी स्प्रिंगविरुद्ध आत दाबून धरायची, की हँडलच्या मानेतलं भोक उघडं पडतं. ते भोक आणि दांड्याचं भोक एका रेषेत आणायचं आणि पिन आरपार ढकलायची. वाटी सोडली की ती पुढे येऊन पिनेवर पांघरूण घालते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. अमेरिकन गाड्यांत पिनेऐवजी घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते आणि ती काढताना उडून कुठे जाते ते तिलाच ठाऊक.

या कामाला तीन हात लागतात आणि देवाने दोनच दिलेत. शिवाय अटी बऱ्याच. पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद लावायचाच, नाहीतर काचेवरून आत ओघळणारं पाणी हार्डबोर्ड फुगवतं आणि मग हँडल तिरकं बसतं. दोन्ही दारांची हँडलं एकाच कोनात हवीत. चौकोनी दांड्यावर ती चारच प्रकारे बसतात, त्यामुळे चुकलं तर चांगलं पाव फेरी चुकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतला दांडा कडीला जोडल्याची खात्री झाल्याशिवाय दार लावायचं नाही. आधी दार उघडं ठेवून, कडी बोटाने बंद करून, हँडलने सुटते का ते पाहायचं. जुनी हँडलं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. त्यांना देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात आणि नुसता नवा मुलामा देऊन ते जात नाहीत. खड्डे घासायचे, तांब्याचा थर चढवून भरून काढायचे, मग निकेल आणि शेवटी क्रोम.

हे सगळं पाहताना ते हँडल हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. सुरेख वस्तू. गार, जड, टोकाकडे निमुळती होत गेलेली. आणि बसलेल्या माणसाच्या गुडघ्यापासून चार बोटांवर.

इथून इतिहासाची दुसरी बाजू सुरू होते. डेट्रॉइटमध्ये क्लेअर स्ट्रेथ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. १९३० च्या दशकात त्यांच्यासमोर एकापाठोपाठ एक फाटलेले चेहरे येत होते. गाडी आदळली की माणूस पुढे फेकला जातो आणि डॅशबोर्डवरची बटणं, मुठी, हँडलं त्याच्या तोंडात घुसतात, हे ते रोज टाके घालताना पाहत होते. त्यांनी गाडीवाल्यांच्या मागे लकडा लावला. क्रायस्लरने ते ऐकलं. १९३७ च्या गाड्यांत त्यांनी बटणं पॅनेलमध्ये खोल बसवली, पुढच्या सीटच्या पाठीला गादी लावली आणि दाराची आतली हँडलं आतल्या बाजूला वळवली.

म्हणजे १९३७ साली हे माहीत होतं! आणि तरीही पुढची तीस वर्षं टोकदार क्रोम गाड्यांत दिमाखात राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉर्नेल विद्यापीठात ह्यू डिहेवन यांनी अपघातांचा पद्धतशीर अभ्यास केला. धडकेत दार उघडून माणूस बाहेर फेकला गेला की मरणाची शक्यता फार वाढते, हे त्यातून पुढे आलं. १९५६ च्या फोर्डमध्ये त्यावरून जास्त घट्ट कड्या आल्या. १९६५ साली राल्फ नेडर यांचं गाजलेलं पुस्तक आलं, १९६६ साली अमेरिकेत कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून सुरक्षेचे नियम लागू झाले. गाडीच्या आतल्या भागावर आदळून इजा होऊ नये, दार अपघातात उघडू नये, वगैरे.

ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत होतं, त्यामुळे बदलण्यावाचून इलाज नव्हता. ई-टाइपच्या डॅशबोर्डवरचे दांडीवाले स्विच जाऊन चपटे आले. १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत दाराचं आतलं हँडल पॅनेलच्या खोलगट भागात गेलं. अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबीच्या डॅशबोर्डवर इतकं गुबगुबीत आवरण आलं की लोकांनी त्याला ॲबिंग्डनची उशी असं नाव ठेवलं.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये या बदलांबद्दल अजून हळहळ ऐकू येते. सरकारी बाबूंनी सौंदर्याची वाट लावली, असा सूर असतो. माझंही मन आधी त्याच बाजूला होतं. पहिल्या मालिकेतलं हँडल खरंच देखणं आहे आणि खोलगटातलं दिसायला कुठल्याही गाडीचं वाटू शकतं. पण स्ट्रेथ यांच्याबद्दल वाचल्यानंतर ते मला कुठल्याही गाडीचं वाटेनासं झालं. त्या खोलगटपणात टाके घातलेले कितीतरी चेहरे आहेत. त्यातल्या एकाचंही नाव गाडीच्या इतिहासात येत नाही. नाव येतं ते गाडी घडवणाऱ्याचं.

मग पुनर्बांधणी करताना काय बसवायचं? मला विचाराल तर जे मूळ होतं तेच. १९६४ च्या गाडीला १९६९ चं हँडल लावणं म्हणजे जुन्या पोथीत आपल्या सोयीचा पाठ घुसवणं. टोकदार असेल तर टोकदार दिसू दे. लोक काय सोसत होते ते त्याशिवाय कळायचं कसं? फक्त त्या दाराआड बसणाऱ्यासाठी पट्टे चांगले बसवा आणि ते लावायला सांगा. मित्राने तीन बिंदूंचे पट्टे बसवून घेतलेत. प्रदर्शनात परीक्षक त्याचे गुण कापतील, असं त्याला दोघा-तिघांनी सांगितलं. कापू देत म्हणाला.