नटी मठात जाते तेव्हा

इ. स. १७३० च्या मार्च महिन्यात पॅरिसमध्ये आद्रियेन लकुव्हर ही ख्यातनाम नटी मरण पावली. नटांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा तेव्हा फ्रान्समध्ये प्रघात होता. त्यामुळे रात्रीच्या अंधारात, सेन नदीच्या परिसरात, चुना टाकून तिचे प्रेत पुरण्यात आले. व्हॉल्टेअरने संतापून या प्रकारावर कविता लिहिली. ख्रिस्तसभेशी त्याचे वैर जगजाहीर आहे. पण या एका बाबतीत तरी न्याय त्याच्या बाजूने होता, असे आम्हांस वाटते. रंगभूमीविषयीचा हा संशय पुढेही सहजासहजी गेला नाही. आपल्या धर्मग्रामांतही मुलगी नाटकात शिरते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. म्हणूनच मदर डोलोरेस हार्ट यांचे चरित्र आपण मुद्दाम पाहावे.

शिकागो शहरी २० ऑक्टोबर १९३८ रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडील अगदी कोवळ्या वयाचे. त्यांचा संसार टिकला नाही आणि मुलीचे बालपण बरेचसे आजी-आजोबांपाशी गेले. आजोबा सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवीत. त्यांची डुलकी मोडू नये म्हणून ही नात आवाज बंद ठेवून चित्रपट पाही आणि रीळ संपत आले की त्यांना जागे करी. शब्दांवाचून चेहरा वाचण्याचे शिक्षण तिला तेथेच मिळाले असावे. कॅथलिक शाळेत शिकत असताना, दहा वर्षांची असताना, तिने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली.

१९५७ साली एल्व्हिस प्रेस्ली यांच्यासमवेत 'लव्हिंग यू' आला आणि डोलोरेस हे नाव घरोघरी पोहोचले. सहा वर्षांत दहा चित्रपट झाले. ब्रॉडवेवरील 'द प्लेझर ऑफ हिज कंपनी' (१९५८) या नाटकासाठी टोनी पारितोषिकाचे नामांकनही मिळाले. या प्रयोगांनी थकवा आला तेव्हा कोणीतरी सुचविले म्हणून त्या कनेक्टिकट राज्यातील बेथलेहेम गावच्या 'रेजिना लाउदिस' या बेनेडिक्टाइन मठात विश्रांतीसाठी गेल्या. पुढे 'फ्रान्सिस ऑफ असिसी' (१९६१) या चित्रपटात त्यांनी संत क्लेराची भूमिका केली. त्या वेळी इटलीत पोप जॉन २३ वे यांची भेट झाली. आपण क्लेराची भूमिका करणारी नटी आहोत, असे डोलोरेस यांनी सांगताच पोपमहाशय उत्तरले की, तू क्लेराच आहेस. हे शब्द त्यांच्या मनातून गेले नाहीत.

१९६३ साली लॉस एंजेलिसचे वास्तुविशारद डॉन रॉबिन्सन यांच्याशी ठरलेला विवाह त्यांनी मोडला आणि त्याच वर्षाच्या जून महिन्यात, वयाच्या २४ व्या वर्षी, त्या मठात दाखल झाल्या. पाचारणाच्या कथा सांगताना मागे राहिलेल्या माणसाचा आपल्याला बहुधा विसर पडतो. रॉबिन्सन यांनी पुढे लग्न केलेच नाही. वर्षानुवर्षे ते मठात त्यांना भेटावयास येत राहिले. २०११ साली त्यांचे निधन झाले, तोवर हा क्रम चालू होता. देवाच्या हाकेची किंमत या घरी दोघांनी चुकती केली, असेच म्हणावे लागेल.

मठातील जीवन सोपे नव्हते. दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा लॅटिन ग्रेगोरियन गायन, शिवाय शेती व गुरांची कामे. १९७० साली त्यांनी अंतिम व्रते घेतली. २००१ ते २०१५ या काळात त्या मठाच्या प्रायोरेस होत्या. परंतु कलेशी त्यांनी काडीमोड घेतला नाही. त्यांच्या पुढाकाराने मठाच्या आवारात खुले नाट्यगृह उभे राहिले. या कामी ऑस्करविजेत्या पॅट्रिशिया नील यांचे साहाय्य लाभले. मेंदूतील रक्तस्रावाने खचलेल्या, दुःखांनी पोळलेल्या या नटीला मठाने आधार दिला होता. अखेरीस त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. २०१० साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ख्रिस्ती विधीने त्यांना मठाच्याच भूमीत मूठमाती देण्यात आली.

मदर डोलोरेस यांनी ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सभासदत्व मठात असतानाही सोडले नाही. पारितोषिकांसाठी त्या आपले मत देत राहिल्या. २०१२ साली त्यांच्यावरील 'गॉड इज द बिगर एल्व्हिस' या माहितीपटाला नामांकन मिळाले, तेव्हा धर्मभगिनीच्या वेषातच त्या त्या सोहळ्यास हजर होत्या.